पाणी साफ निघालं

मला आयुष्यात एकच काम नीट आलं, ते म्हणजे माणूस धरणं. हसू नका. दवाखान्यात माणूस धरणं हा हुनर आहे. गळू फोडताना, हाड बसवताना कोणीही धरतं; चार गडी बोलवा, बसवा उरावर, झालं. पण पाठीच्या कण्यातलं पाणी काढताना धरायचं काम एकट्याचं. आमच्या दवाखान्यात ते एकटं माणूस म्हणजे मी.

दवाखाना सरकारी होता, पण सरकार निजामाचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांची हकिकत सांगणार त्यांची नातवंडं तिथं नांदतात. हिंगोलीकडून औंढ्याच्या नागनाथाला जाणारी गाडीवाट दवाखान्याच्या ओट्याला घासून जायची, एवढं पुरे. मी तिथं आया. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वय सोळा-सतरा. भांडी उकळायला म्हणून लागले आणि तिथलीच झाले. शाळा कशी ती बघितली नाही. औषधांच्या बाटल्यांवरच्या उर्दू चिठ्ठ्या बघून बघून आधी ती अक्षरं लागली, बालबोध त्याच्या नंतर. त्यामुळं अजूनही लिहायला बसले की हात कागदाच्या उजव्या कडेला जातो आणि मग आठवतं, अगं, हे मराठी.

तर कण्यातलं पाणी. आपला मेंदू कवटीत कोरडा बसलेला नसतो. लिंबाची फोड बरणीतल्या खारात असते तसा तो पाण्यात असतो, आणि तेच पाणी पाठीच्या कण्यातून खाली कमरेपर्यंत उतरतं. मेंदूत काही बिघडलं का, हे कवटी न फोडता बघायची ही एकच खिडकी. कमरेत दोन मणक्यांच्या फटीतून लांब पोकळ सुई घालायची आणि पाणी काचेच्या नळीत धरायचं. गढूळ आलं तर पू. लाल आलं तर रक्त. साफ आलं तर... त्या ‘साफ’ची तर ही सगळी कथा आहे.

रोग्याला कुशीवर निजवायचं. गुडघे पोटात, हनुवटी छातीला, आईच्या पोटातलं लेकरू असतं तसं. माझा एक हात त्याच्या मानेमागं, दुसरा गुडघ्यांमागं, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली. पाठ वाकली की मणके फाकतात, सुईला वाट मिळते. त्या घडीला रोगी हलला की सुई वाकली म्हणून समजा. माझं तोंड त्याच्या कानाशी असायचं. कुणबी असेल तर मी विचारायची, बैलांची नावं काय? बैलांविषयी सांगताना कुणबी हलत नाही, हा माझा स्वतःचा शोध. धनगर असेल तर मेंढरं मोजायला लावायची. बाईमाणसाला माहेरचं विचारायचं, पण जपून. कधीकधी तिथंच रडू फुटायचं.

वसमतकडचा एक पहिलवान आला होता. दारातून वाकून आत आला, आणि सुई अजून स्पिरिटच्या दिव्यावर होती तेवढ्यात धाय मोकलून रडला. “बाई, कुस्तीत पाठ लावत न्हाई मी कुणापुढं,” म्हणाला. मी म्हणलं, “दादा, इथं पाठ लावायची न्हाई, दाखवायची हाय.” एक देशमुख होते, त्यांना बाईमाणसानं धरलेलं चालेना. मग वॉर्डातल्या शिपायानं धरलं. देशमुखांनी ‘आई गं’ म्हटल्याबरोबर शिपायानंच सोडलं. दुसऱ्या खेपेला देशमुख आपणच म्हणाले, “त्या बाईला बोलवा.” मी हात धुऊन तयारच उभी होते.

आता जे सांगायला कठीण जातं ते सांगते.

दवाखान्यात लागून मला दोन-तीन वर्षं झाली असतील. सेनगावकडून एका तरण्याताठ्या माणसाला गाडीत घालून आणलं. ताप नावाला, पण दोन महिने डोकं दुखतंय, उलट्या होतायत, मान ताठ. तेव्हाचे डॉक्टर म्हातारे. खुर्दबीन, म्हणजे बारीक ते मोठं करून दाखवणारं यंत्र, आमच्याकडं नव्हतं. नळी उजेडाला धरून डोळ्यांनी बघायचं, एवढंच. पाणी काढलं. पहाटेच्या विहिरीसारखं निवळशंख. डॉक्टर म्हणाले, “पानी साफ है,” आणि दुसऱ्या रोग्याकडं वळले.

बाहेर ओट्यावर घरची माणसं जीव मुठीत धरून बसलेली. मला त्यांची दया आली. चांगली बातमी आपण द्यावी म्हणून मी धावत गेले आणि म्हणाले, “भिऊ नका, पाणी साफ निघालं. काई न्हाई त्यात.”

त्यांनी माणूस उचलला, गाडीत घातला आणि नेला. मला वाटलं, बरं वाटलं असेल.

पंधरा दिवसांनी एक बाई आली. पदर तोंडावर घट्ट धरलेला. पदर काढला तर ओठ सुजून फाटलेले, हिरड्यांतून पू, आणि समोरचे वर-खालचे सगळे दात नाहीत. मी गुळण्यांचं पाणी घेऊन बसले आणि विचारलं, “कशानं झालं गं हे?”

तिनं माझ्याकडं बघितलं. “तूच व्हतीस न्हवं? तूच म्हणलीस, पाणी साफ हाय.”

ती त्या माणसाची चुलती, कोंडाबाई. आमच्या मुलखात तेव्हा भानामतीचं मोठं भेव. एखाद्यावर कोणी बाईनं भानामती केली असं ठरलं की तिचे दात पाडायचे, म्हणजे मंत्र तोंडातून नीट उमटत नाही आणि केलेलं उतरतं, अशी समजूत. घरच्यांचा हिशेब सरळ होता. दवाखान्यानं सांगितलं, शरीरात काही नाही. शरीरात नाही म्हणजे बाहेरचं. बाहेरचं म्हणजे भानामती. आणि भानामती म्हणजे घरात एकटी राहिलेली, तोंडानं फटकळ, रांडमुंड कोंडाबाई. त्या हिशेबातला पहिला आकडा मी सांगितला होता.

तिला घरात परत घेईनात. मी डॉक्टरांच्या मागं लागून तिला पट्ट्या धुवायच्या कामावर ठेवून घेतलं. माझ्याच खोलीत राहायची. मी रोज तिची भाकर दुधात कुस्करून द्यायची, पण माफी काही मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागू? ती रोज सकाळी घागर भरून आणली की माझ्यापुढं आदळायची आणि म्हणायची, “यशोदे, पाणी साफ हाय का बघ गं. न्हाई तर जायचं कोनाचं काई.”

दहा वर्षं मी हे रोज ऐकलं.

मग सत्तेचाळीसचा दसरा होऊन गेला होता, तेव्हा नामदेव आला. तोवर जुने डॉक्टर जाऊन रऊफसाहेब आले होते. हैदराबादेत शिकलेले, तापट, पण हाताला यश. येताना लाकडी पेटीत स्वतःची खुर्दबीन घेऊन आले होते आणि नव्या नवरीसारखी हिरव्या फडक्यात झाकून ठेवायचे.

नामदेव हळदीच्या कढईचा गडी. उकळत्या हळदीची कढई एका बाजूनं एकटा उचलायचा, असा. कधी सर्दी झाली नाही की पडसं. तो अडीच महिने डोकं धरून बसला होता, आणि आता त्याला एकाचे दोन दिसत होते. मला म्हणाला, “दोन यशोदाबाई दिसून राहिल्या मला. एकीनं धरा, दुसरीनं पाणी द्या.” एवढ्या दुखण्यात चेष्टा करायचा.

त्याच्या उशाशी त्याची चुलती होती, गयाबाई. साठीची, काटक. नामदेवाची आई तो रांगत असतानाच गेली, तेव्हापासून हिनंच वाढवला. बाहेर ओट्यावर थोरला भाऊ मारोती आणि गावचा पोलीस पाटील. हे दोघं गाडी सोडून बसले होते, पण बैल झाडाला नीट बांधलेही नव्हते. मला तेव्हाच खटकलं.

गयाबाईनं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, कोणाच्या शेतातलं पीक सांगावं तसं. “अमुशाला माजे दात पाडणार हायत. भगतानं सांगितलंय. पाटलानं व्हय म्हणलं. डाकतर काय म्हणतो तेवढं ऐकायचं आन् मंग घेऊन जायचं मला.”

“तुमाला भेव न्हाई वाटत?”

“भेवाचं न्हाई बाई.” तिनं नामदेवाकडं बघितलं. “ह्याच दातांनी ह्याला भाकर चावून चारली म्या. म्हणून वंगाळ वाटतं.”

अमावस्या चार दिवसांवर होती.

नामदेवाला कुशीवर घेतलं, धरलं. “बैलांची नावं?” “एक सर्जा,” तो म्हणाला, “आन् दुसरा... दुसरा बी सर्जाच दिसतोय.” सुई गेली आणि पाणी थेंबानं आलं नाही, धारेनं आलं. आत एवढा दाब. पहिली नळी भरली तशी डॉक्टरांनी खिडकीकडं धरली.

साफ. निवळशंख.

हातातलं काम संपवून बाहेर आले. मारोती उठून उभा राहिला.

“काय निघालं?”

कोंडाबाई ओट्याच्या टोकाला पट्ट्या वाळत घालत होती. तिनं हातातली पट्टी तशीच धरून माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, “अजून बघायचं राहिलंय.”

“साफ हाय का न्हाई तेवढं सांगा. गाडी जुंपायची मला.”

“खुर्दबिनीत बघितल्याबिगर मी काई सांगणार न्हाई. आन् डॉक्टरसाहेबबी सांगणार न्हाईत. बैल बांधा नीट.”

डॉक्टरांनी एक थेंब काचेवर घेऊन बघितला. म्हणाले, थोड्या पेशी आहेत, क्षयाचं असेल मेंदूच्या पडद्यांचं. त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. मी म्हणलं, “साहेब, अजून एकदा बघा.”

“तू डॉक्टर है या मैं?”

“तुमीच. म्हणून तर तुमाला म्हणते.” आणि मी त्यांना सगळं सांगितलं. कोंडाबाईचं, माझं, गयाबाईचं. दहा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते उभ्या उभ्या सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत राहिले. मग कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि पानं उलटत म्हणाले, एक चीज अशी असते की ती उजेडात दिसत नाही, काळ्या पार्श्वभूमीवरच दिसते. “मगर उसकू काली सियाही होना. विलायती. कां से लाऊँ?”

“सियाही कशाची असते साहेब?”

“काजल की, और क्या.”

“मग विलायती काहून पाहिजे? आपला पटवारी काजळाचीच करतो की.”

पटवारी दिव्याची काजळी डिंकात घोटून बोरूची शाई करायचा. मी वाटी घेऊन त्याच्या दारात गेले. “तुला कशाला गं शाई? अर्जी लिवायची?” म्हणाला. “व्हय,” मी म्हणलं, “एका म्हातारीच्या दातांची.” त्याला काही कळलं नाही, पण दिली.

ती शाई मलमलीतून तीनदा गाळली, पाणी घालून पातळ केली. डॉक्टरांनी कण्यातल्या पाण्याच्या थेंबाला शाईचा कण लावला, वरून पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. बराच वेळ काच इकडं-तिकडं सरकवत राहिले. मग हळूच ‘या अल्लाह’ म्हणाले आणि बाजूला सरकले. मला पहिल्यांदा त्या खुर्दबिनीत बघू दिलं.

काळं आभाळ. त्यात गोल गोल दाणे, चमकणारे, आणि चंद्राला खळं पडतं तसं एकेका दाण्याभोवती पांढरं खळं. काही दाण्यांच्या कुशीला छोटा दाणा चिकटलेला, जणू पिल्लू. इतकं देखणं होतं की क्षणभर विसरले, हे एका माणसाच्या मेंदूतलं आहे.

“फफूंद,” डॉक्टर म्हणाले. बुरशी. भाकरीवर येते, लोणच्यावर येते, तिच्याच जातीतली एक, माणसाच्या मेंदूत.

“असा धडधाकट माणूस, त्याला?”

“होता है. बहुत कम होता है. क्यूं होता है, किताबकू भी नई मालूम.”

“इलाज?”

ते काच पुसायला लागले.

नामदेवाचं काय होणार ते ठरलं होतं. गयाबाईचं ठरायचं होतं. मी डॉक्टरांना म्हणलं, मारोतीला आत बोलवा, दाखवा. त्यांना आपली खुर्दबीन कुणब्याच्या हाती द्यायला जिवावर आलं, पण दिली.

मारोतीनं डोळा लावला. झटकन मागं सरकला. “अंडी हायत ही! जिती अंडी!” मग पाटलानं बघितलं. “बराबर हाय. कोनीतरी घातल्याबिगर अशी अंडी माणसाच्या डोक्यात कशी जातील?”

मी कपाळाला हात लावला. आम्ही एवढा खटाटोप करून पुरावा काढला आणि तो त्यांच्याच गाडीत जाऊन बसला! डॉक्टर चिडून उर्दूत काहीबाही बोलायला लागले. त्यांना गप्प करून मी विचारलं, “साहेब, शिंदी फसफसते ती कशानं?”

“वो भी इसी खानदान की चीज से. क्यूं?”

“मग ह्यांना शिंदी दाखवा ह्याच्यात.”

“तोबा तोबा! मेरे दवाखाने में शिंदी?”

शिंदी आणायला लांब जावं लागलं नाही. पाटील जरा खाकरले, बाहेर गेले, आणि गाडीतल्या कडब्यातून एक बाटली काढून घेऊन आले. “औषधाला ठेवतो मी,” म्हणाले. डॉक्टरांनी बाटली चिमट्यात धरावी तशी दोन बोटांत धरली, थेंब घेतला, काचेवर लावला.

त्यातही दाणे. गोल, पोटाशी पिल्लं घेतलेले. खळं तेवढं नाही. पाटील बघत राहिले. बघता बघता मिशीतून म्हणाले, “म्हंजे हे मी रोज पिऊन राहिलो?”

“पाटील,” मी म्हणलं, “तुमच्या शिंदीवर भानामती कोनी केली?”

“कोन करंल? मडकं झाडाला टांगलं की आपसूक येते फसफस. हवेतनं.”

“तशीच ही हवेतनं आली. ही जहरी जात हाय, ती साधी हाय, एवढाच फरक.”

पाटील मानले. पण मारोती खाली बघून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. भाऊ मरायला लागलेला माणूस. त्याला काहीतरी करायचं होतं. त्याचं दुःख मला दिसत होतं आणि त्याचीच मला भीती वाटत होती. तो म्हणाला, “समदं खरं असंल बाई. पर दात पाडून बघायला काय जातंय? उतरलं तर उतरलं. न्हाई तर न्हाई.”

तेव्हा कोंडाबाई आत आली. ओल्या पट्ट्यांचं गाठोडं तिच्या कडेवर तसंच. मारोतीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि पदर खाली घेऊन तोंड उघडलं. सगळं उघडलं.

“काय जातंय ते बघ,” म्हणाली. दात नसल्यामुळं तिचं बोलणं फसफसायचं, पण त्या खोलीत एकेक अक्षर ऐकू आलं. “माझा पुतण्या व्हता. त्याचं बी असंच पाणी साफ निघालं व्हतं. सोमवारी माझे दात पाडले. लोहाराच्या सांडशीनं. म्या म्हणलं, पाडा, पोरगं उठत असंल तर पाडा. बुधवारी पोरगं मेलं. आता सांग, माझे दात कोनाला पावले?”

मारोती खाली बसला. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि त्यात तोंड घालून रडला. बऱ्याच वेळानं मी म्हणलं, “मारोती, नागनाथाची आण घे. तुझ्या काकूला हात लावायचा न्हाई. नामदेव जगला तरी न्हाई, न जगला तरी न्हाई.” दुसरी गोष्ट मी मुद्दाम बोलले. बरं झाल्यावर आण पाळणं सोपं असतं.

त्यानं घेतली. पाटील साक्षी.

नामदेव पुढं महिना-सव्वा महिना होता. आयोडीनचं औषध पाजलं, ज्या गोळ्या होत्या त्या दिल्या, कशाचाच गुण नाही. पण कण्यातलं पाणी काढलं की दाब उतरायचा आणि एक-दोन दिवस डोकं हलकं व्हायचं, तेवढं आमच्या हातात होतं. डॉक्टर म्हणायचे, काय उपयोग? मी म्हणायची, “दोन दिवस हायत ना साहेब, काढा.” दर दोन-तीन दिवसांनी मी त्याला धरायची. त्या दोन दिवसांत तो भावाशी शेताचं बोलायचा, भेटायला आलेल्या बायकोला हाक मारायचा, मला चिडवायचा. मग डोळ्यांची नजर गेली. एकदा अंधारलेल्या डोळ्यांनी वर बघत म्हणाला, “काकू, भाकर चावून दे की.” तीस वर्षांचा बाप्या. गयाबाईनं घास तोंडात घेतला, चावला आणि त्याच्या तोंडात दिला. मारोती दारात उभा होता. त्यानं बघितलं. मीही बघितलं आणि उगाच बाटल्या पुसायला गेले.

तो गेला तो दुपारचा, काकूचा हात हातात धरून.

खरी परीक्षा तिथून पुढं होती. माणूस मेल्यावर गावाला कोणीतरी जबाबदार लागतं. मी डॉक्टरांना म्हणलं, तेरवीला जाते. ते म्हणाले, दिवस कसले आहेत, रस्त्यावर रझाकार फिरतायत, काही झालं तर? मी म्हणलं, काही झालं तर होईल. कोंडाबाईनं लुगडं झटकलं. “म्या बी येते. माझं तोंड बघून लोकांला याद राहील.”

गेलो. पंगत बसली होती. गयाबाई एकटी, खांबाला टेकून. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पानांची जागा रिकामी, कोणी जवळ बसेना. एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला कोंडाबाई. मागून कोणीतरी पुटपुटलं, “एक व्हती, आता तीन झाल्या.” कोंडाबाई मागं वळली आणि त्याच्याकडं बघून सगळं तोंड पसरून हसली. पुन्हा कोणी पुटपुटलं नाही. वाढायला मारोती होता. आमच्या ओळीशी आला, थांबला. सगळी पंगत थांबली. मग तो वाकला आणि म्हणाला, “काकू, कडक हाय भाकर. चावंल का?”

“चावंल,” गयाबाई म्हणाली.

एवढंच झालं. एवढ्यासाठीच गेलो होतो.

पुढं कितीतरी वर्षांनी, माझे केस पांढरे झाल्यावर, एका तरुण डॉक्टरानं मला सांगितलं की ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत असते, सुकली की धुळीबरोबर श्वासात जाते. ऐकलं आणि मला आठवलं, नामदेव दर उन्हाळ्यात पडक्या गढीतलं कबुतरांचं खत हळदीच्या वाफ्यांसाठी पाट्या भरभरून काढायचा. तिथूनच आलं असं मी म्हणणार नाही. ते खत सगळं गाव काढायचं, झालं एकट्याला. आता ह्यावर औषधही आहे म्हणतात. म्हणजे आज तो आला असता तर वाचला असता कदाचित. आणि सेनगावकडचा तो पहिला? त्याच्या पाण्यात काय होतं ते कोणीच बघितलं नाही, म्हणून मला कधी कळणार नाही. हीच बुरशी असेल, नसेलही. माझ्या हातून निसटलेली गोष्ट ती आहे. मी सुई हलू दिली नाही कधी, पण जीभ हलली.

अठ्ठेचाळीसच्या संक्रांतीला गयाबाई दवाखान्यात आली. डोक्यावर उसाची मोळी. ओट्यावर बसली आणि दातांनीच ऊस सोलायला लागली, कराकरा, साल अशी लांब सोडवून थुंकायची की येणारे रोगी वळसा घालून जात. साठीच्या बाईचे ते दात बघत मी उभी राहिले. तिनं पहिलं कांडं मला दिलं. दुसरं सोलून कोंडाबाईकडं धरलं आणि तसाच तिचा हात थांबला.

मग गयाबाई उठून आत गेली, औषधं कुटायचा खलबत्ता घेऊन आली, त्यात उसाचे तुकडे टाकून ठेचले आणि जखमेवर बांधायच्या कोऱ्या जाळीच्या कापडातून रस पिळून पेल्यात धरला. रऊफसाहेबांनी खिडकीतून बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी खिडकी लावून घेतली.

कोंडाबाईनं पेला हातात घेतला. प्यायली नाही. उजेडाला धरला, जुने डॉक्टर नळी धरायचे तसा, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “यशोदे, पाणी साफ हाय का गं?”

दहा वर्षं मी त्या प्रश्नावर मान खाली घालत आले होते. त्या दिवशी तिच्या शेजारी बसले आणि म्हणलं, “कोंडाबाई, बघितल्याबिगर म्या सांगत न्हाई.”

“आता शिकलीस,” ती म्हणाली, आणि पेला तोंडाला लावला.